चौतीस पेनल्ट्या आणि एक गाऱ्हाणं

यंदाच्या जानेवारीत परळच्या मैदानावर लालबागचं कष्टभूषण कॉलेज आणि गिरगावचं विद्याप्रकर्ष कॉलेज यांच्यातला फुटबॉलचा सामना चौतीस-चौतीस असा सुटला.

हे वाक्य विसरून जा. असं काही झालेलं नाही. आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल समितीच्या रजिस्टरात त्या रविवारापुढे ‘मैदान उपलब्ध नव्हते, सबब सामना झाला नाही’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलंय. खाली शिक्का आहे. शिक्का सरळ उमटलाय, म्हणजे शंकेला जागाच नाही. त्या उपलब्ध नसलेल्या मैदानावर मनू घाडी तीन तास गोलपोस्टमध्ये उभा होता आणि त्याच्या कोपरांवरचा चिखल अजून पुरता निघालेला नाही. पण समितीपुढे मनूच्या कोपरांना विचारतो कोण.

तर जे झालंच नाही, ते पहिल्यापासून सांगायला हवं.

मनू कष्टभूषणचा कॅप्टन आणि गोलकीपर. दोन्ही कामं त्याच्याकडे आली, कारण दुसरं कोणी घेईना. त्याचं शेवटचं वर्ष. त्यांच्या गटात चार कॉलेजं, म्हणजे दर वर्षी ठरलेले तीन शत्रू. पैकी माझगाववाले सभ्यपणे तीन गोल मारतात आणि नंतर त्यांच्यातल्या कुणाची तरी आई घरचा केक वाटते. त्यामुळे माझगावकडून हरायला पोरं थोडी लवकरच जातात. रे रोडवाले लाकडाच्या वखारींत वाढलेले. त्यांनी टॅकल केलं की आधी करवतीचा आवाज येतो, मग माणूस पडतो. त्यांना हरवलं तरी घरी जाताना पाय मोजून घ्यावे लागतात.

आणि तिसरे गिरगाववाले. सलग दहा वर्षं ते कष्टभूषणला हरवताहेत. तेही चाललं असतं. पण हरवल्यावर ते ओळीनं येतात, हात मिळवतात आणि म्हणतात, “छान खेळलात.” माणूस एक वेळ पाच गोल पचवेल. ‘छान खेळलात’ पचत नाही. त्यांचा कॅप्टन यशोधन तर हे इतक्या मनापासून म्हणायचा, की गेल्या वर्षी मनूनं त्याला चुकून “थँक यू” म्हटलं होतं आणि त्या रात्री मनू जेवला नव्हता.

यंदा त्यात कालिंदी मॅडमची नोटीस आली. मॅडम प्रिन्सिपल. जिन्याखाली सहा बाय चारची एक खोली होती. तीत दोन बॉल, एक पंप, एकवीस मोजे आणि एक वास राहायचा. ही खोली रांगोळी मंडळाला हवी होती. नोटीस दोनच ओळींची होती: गिरगावकडून सलग अकराव्या वर्षी हरल्यास फुटबॉल विभाग बंद करण्यात येईल व खोलीची चावी रांगोळी मंडळाकडे सुपूर्द करण्यात येईल.

मनूनं नोटीस कँटीनमध्ये मोठ्यानं वाचली, घडी घातली, आणि म्हणाला, “यंदा आपण हरणार नाही. लिहून घ्या.”

पुढे जे झालं ते पाहता हे वाक्य शब्दशः खरं ठरलं. तक्रार तीच आहे.

मनूच्या या आत्मविश्वासाचं नाव धोंडू घाडी. मनूचे आजोबा. वय ब्याऐंशी, माझगावच्या गोदीत फिटर म्हणून रिटायर, मूळ गाव मालवणाकडचं. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान घाडी घराण्याचा. म्हणजे हातात नारळ धरून देवाला खड्या आवाजात सांगायचं की बाबा रे, ही तुझी माणसं, यांचं असं असं कर. आणि समोर उभ्या असलेल्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणायचं. गाऱ्हाणं एकट्याचं नसतं. व्हय म्हणणाऱ्यांची त्यावर सही असते.

धोंडूआजोबांचं गाऱ्हाणं किती पक्कं, याचा पुरावा मनूच्या घरात स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी उभा आहे. मनू दोन वर्षांचा असताना घरात फ्रीज आला. आजोबांनी त्याच्यासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, की ह्या फ्रीजाक कधी काय होव नये. घरच्यांनी व्हय म्हटलं. कंपनीची गॅरंटी एक वर्षाची होती. आता एकोणीस वर्षं झाली, फ्रीज बंद पडत नाही. मनूच्या आईला, मालनला, गेली आठ वर्षं दोन दारांचा फ्रीज हवाय. पण चालू फ्रीज टाकायचा कसा? तिनं तो मुद्दाम दोन दिवस उघडा ठेवून पाहिला. खोली थंड झाली.

असा माणूस घरात असताना आपण दहा वर्षं गोलकीपरच्या हातमोज्यांवर विसंबून राहिलो, याचं मनूला आश्चर्य वाटलं.

त्यानं आजोबांना गळ घातली. आजोबा मैदानावर यायला एका पायावर तयार झाले. मात्र गिरगाववाल्यांचे पाय जड होवोत, त्यांच्या गोलकीपरला ऐन वेळी शिंक येवो, ही मनूची यादी त्यांनी परत केली. “देवाकडे कोणाचा वायट मागूचा नसता,” ते म्हणाले. “मी आपल्या पोरांचा बरा मागान. तेवढा पुरे.”

मनूला तेवढं खरंच पुरेसं वाटलं.

मग टीमची तालीम. फुटबॉलची नव्हे, ‘व्हय म्हाराजा’ची. टीममध्ये मालवणी पोरं चारच. स्ट्रायकर गौतम घाटावरचा, त्याच्या तोंडून ते राजदरबारातल्या मुजऱ्यासारखं निघायचं. जिन्याखालच्या खोलीसमोर रोज संध्याकाळी ‘व्हय म्हाराजा’ घुमू लागलं. गंगाधर सर ते ऐकून टीम-स्पिरिट म्हणून खूष झाले. गंगाधर सर पर्यावरण शिकवतात. स्टाफरूममध्ये एकट्यांकडेच स्पोर्ट शूज असल्यामुळे क्रीडा विभाग त्यांच्याकडे आहे.

रविवार उजाडला. सामना दोनचा. आजोबा दीडलाच मैदानावर हजर: पांढरा लेंगा, काळा कोट, डोक्याला टोपी, पिशवीत नारळ, विडा, उदबत्ती. गोलपोस्टपाशी चिखल होता, कारण मैदानाचा माळी राजाराम रोज दुपारी तिथंच पाइप सोडून जेवायला बसतो. चिखल टाळून आजोबांनी पेनल्टीच्या ठिपक्यावर विडा मांडला, उदबत्ती खोचली, पूर्वेकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. मनूची टीम समोर उभी राहिली.

आता इथं समितीच्या परिपत्रकाचं कलम नऊ मध्ये येतं. त्यात म्हटलंय, की उद्घाटन समारंभास दोन्ही संघांनी उपस्थित राहणे बंधनकारक असून गैरहजर संघाचे दोन गुण कापण्यात येतील. हे परिपत्रक आजवर कोणी वाचलं नव्हतं. गिरगाववाल्यांनी वाचलं होतं. ते पलीकडे वॉर्म-अप करत होते. त्यांना कोट-टोपीतला वयस्कर गृहस्थ दिसला, नारळ दिसला, उदबत्ती दिसली. यशोधननं एक शिट्टी मारली. चौदाच्या चौदा पोरं धावत आली आणि मनूच्या टीमच्या मागे दोन रांगा करून उभी राहिली. त्यांना पाहून रेफरीनं टोपी काढली आणि तोही उभा राहिला. दोन्ही कॉलेजांचे सर उभे राहिले. राजारामनं नळ बंद केला, हात पुसले आणि उभा राहिला.

मनू सगळ्यांच्या पुढे होता. त्याचेही डोळे मिटलेले. गाऱ्हाण्याला डोळे मिटायचे असतात, हे त्याला लहानपणापासून चापट्या देऊन शिकवलेलं.

“बा देवा, बारा पाचाच्या म्हाराजा,” आजोबांनी सुरुवात केली.

“व्हय म्हाराजा.”

आवाज मोठा आला. मनूला वाटलं, तालीम फळाला आली. टीम इतकी सुरात कधीच नव्हती. त्याला कुठं माहीत, की गिरगावच्या चौदांपैकी नऊ जणांचं आजोळ कोकणात, आणि त्यांना तालमीची गरजच नव्हती.

आजोबांनी एक डोळा किंचित उघडून समोर पाहिलं असावं. अकरा पोरांची टीम असते असं मनूनं सांगितलं होतं. समोर गर्दी होती. पण गाऱ्हाण्याचा नियम सोपा आहे: जो समोर उभा, तो आपला. वगळायची सोय नाही.

“हय जी पोरां उभी आसत, ती सगळी तुझीच लेकरां.”

“व्हय म्हाराजा.”

“आज ह्यांतलो एकव झील हरान घराक जाव नये, असा कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले, आणि त्यात सगळ्यात खणखणीत आवाज मनूचा होता. एकवीस वर्षांची सवय. गणपतीला, दहीकाल्याला, फ्रीजला. कान ऐकायच्या आत तोंड व्हय म्हणून मोकळं होतं.

मग त्यानं डोळे उघडून मागे पाहिलं.

मागे यशोधन उभा होता. भक्तिभावानं हात जोडून. “छान झालं उद्घाटन,” तो म्हणाला.

एकही पोर हरून घरी जाऊ नये, या मागण्यात आता गिरगावची चौदाही पोरं आली होती. पण शिट्टी वाजली होती.

सामन्यात सत्तर मिनिटं जे झालं ते थोडक्यात असं, की काहीच झालं नाही. गिरगावचे सहा शॉट खांबाला लागले. एकच खांब, एकच जागा. शेवटी तिथला रंग उडाला. गौतम एकदा मोकळ्या गोलसमोर एकटा पोहोचला आणि बॉल पायाखाली थांबला. नुसता थांबला, जसा एखादा म्हातारा फुटपाथवर काहीतरी आठवून थांबतो. हाफ टाइमला कालिंदी मॅडम आल्या, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि पर्स मांडीवर ठेवली. पर्समध्ये चावी होती. ती वाजल्याचं मनूला गोलमधून ऐकू आलं.

शून्य-शून्य. नियमाप्रमाणे बरोबरी चालत नाही, म्हणून पेनल्ट्या.

पाच-पाच झाले तेव्हा दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. अकरा-अकरा झाले तेव्हा टाळ्या थांबल्या. एव्हाना दोन्ही गोलकीपरांनीसुद्धा गोल मारले होते, आणि मनूनं आयुष्यात कधी बॉलला बूट नीट लावला नव्हता. पंधरावी फेरीही बरोबरीत गेली. कडेला वडापाव खाणारे लोक घास तोंडात तसाच ठेवून बघत होते. गिरगावच्या सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत न लावता खिशात ठेवला.

सतरा-सतरा झाल्यावर यशोधन मनूपाशी आला. त्याचा चेहरा खडूसारखा झाला होता.

“मनू, ते उद्घाटन नव्हतं ना रे?”

“नव्हतं.”

“माझं आजोळ कुडाळचं आहे,” यशोधन खालच्या आवाजात म्हणाला. “मला तेव्हाच कळायला हवं होतं. नक्की काय मागितलं त्यांनी?”

“तू ऐकलंस की. व्हय म्हणालास.”

“तू पण म्हणालास.”

“माझ्या हातात नाही ते.”

 मग यशोधननं एक सूचना केली, जी दहा वर्षांत कोणत्याही गिरगाववाल्यानं केली नव्हती. तो म्हणाला, की पुढची पेनल्टी तो मुद्दाम चुकवून बघतो.

त्यानं बॉलला हलकेच पाय लावला. पाय कसला, पायाची सावली लावली. बॉल निघाला आणि आजारी कासवासारखा मनूच्या दिशेनं येऊ लागला. मनूला वाकून तो उचलायचा होता. एवढंच. बाजारात कांदा उचलतात तसा. ही पेनल्टी अडवली की पुढचा गोल मारून सामना खिशात, खोली वाचली, रांगोळी मंडळ गेलं ओसरीवर. तो वाकला. राजारामच्या चिखलानं त्याचे दोन्ही पाय एकदम दोन दिशांना नेले. मनू कोपरांवर आडवा झाला आणि बॉल त्याच्या नाकासमोरून, अगदी सावकाश, जणू “जरा बाजूला होता का” असं म्हणत, रेषेपलीकडे गेला.

 लांबून फक्त धोंडूआजोबांची टाळी ऐकू आली.

मग गौतमनं मारलेला बॉल आडव्या दांडीवर लागून गिरगावच्या गोलकीपरच्या पाठीवर आला आणि पाठीवरून आत गेला. अठरा-अठरा. इथून पुढं मोजायचं काम राजारामनं काठीनं चिखलात रेघा मारून केलं, कारण रेफरीनं पेन्सिल खिशात टाकली होती.

चौतिसाव्या फेरीनंतर रेफरीनं बॉल काखेत घेतला आणि जाहीर केलं, की निकाल टॉसवर. नाणं उडालं, खाली आलं आणि गोलसमोरच्या चिखलात उभं राहिलं. छाप इकडे, काटा तिकडे, मध्ये सरळ उभं. रेफरी बराच वेळ त्याच्यासमोर उकिडवा बसून होता. दुसऱ्यांदा नाणं कडेच्या काँक्रीटच्या पायरीवर उडवलं. ते घरंगळत गटाराच्या जाळीत गेलं. मग वडापावच्या कागदाच्या दोन चिठ्ठ्या केल्या आणि राजारामला एक उचलायला सांगितली. राजारामनं उचलली. दोन्ही आल्या. चटणीनं एकमेकींना चिकटल्या होत्या.

“मी सोडवणार नाही,” राजाराम म्हणाला. “मला पोरंबाळं आहेत.”

रेफरीनं शिट्टी गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवली आणि गेटबाहेर चालू लागला.

धोंडूआजोबा मात्र प्रसन्न होते. “काय ग्वाड खेळ झालो रे मनू. बघ, एकव झील हरलो नाय.”

त्या वेळी दोन्हीकडचे मिळून सात जण रडत होते. पण ते हरले म्हणून नव्हे.

मनूनं आजोबांपुढे हात जोडले आणि गाऱ्हाणं मागे घ्यायला सांगितलं. निदान गिरगावच्या चौदा जणांपुरतं.

“देवाक टीम कळत नाय झिला, देवाक पोरां कळतत,” आजोबा म्हणाले. “आणि मियां घातलंय, तुमी व्हय म्हटल्यात. आता माझ्या एकट्याच्या हातात काय रवला?”

मागे घ्यायची रीत होती, ती त्यांनी सविस्तर सांगितली. गावी जायचं, देवळात कौल लावायचा, आणि जे जे व्हय म्हणाले ते सगळेच्या सगळे समोर उभे हवेत, हातात एकेक नारळ घेऊन. मनूनं मोजलं. दोन्हीकडची राखीव धरून अठ्ठावीस पोरं, दोन सर, रेफरी आणि राजाराम. बत्तीस.

तेवढ्यात कालिंदी मॅडम उठून आल्या.

“मग आपण हरलो का, गंगाधर सर?”

“नाही मॅडम.”

“जिंकलो?”

“तसं नाही म्हणता येणार मॅडम.”

“बरोबरी?”

“ती नियमात बसत नाही मॅडम.”

मॅडमनी पर्स उघडली, चावी आहे ना ते पाहिलं आणि पर्स मिटली. “हरलेलो नाही असं समितीकडून लेखी आणा,” त्या म्हणाल्या. “एकतीस तारखेपर्यंत. नाहीतर एक तारखेला रांगोळी मंडळ आत येईल.” तिथल्या कॉलेजवाल्यांपैकी व्हय न म्हटलेल्या त्या एकट्याच होत्या, हे मनूच्या तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मनू आणि यशोधन दोघं मिळून समितीच्या कार्यालयात गेले. गिरगाव आणि लालबाग एका बाकावर बसल्याची ही पहिलीच नोंद. अर्थात तीही कुठं झालेली नाही. तिथल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. चौतीस-चौतीस हा आकडा रजिस्टरच्या चौकटीत मावत नाही, असं ते म्हणाले. रेफरीला फोन लावला. रेफरीनं सांगितलं, की तो रविवार संध्याकाळपासून मेव्हण्याशी पत्त्यांचा एकच डाव खेळतोय आणि तो संपत नाहीये, तेव्हा कृपया त्रास देऊ नये. साहेबांनी फोन ठेवला, रजिस्टर पुढे ओढलं, ‘मैदान उपलब्ध नव्हते’ असं लिहिलं आणि शिक्का मारला. सरळ.

बाहेर आल्यावर यशोधननं हात पुढे केला. मनूला वाटलं, आता येणार. पण यशोधन नुसताच उभा राहिला, दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. ‘छान खेळलात’ म्हणायला सामना झालेला असावा लागतो.

त्या संध्याकाळी मनूनं फ्रीजवर कागद ठेवून अर्ज लिहिला. मालननं तो वाचून त्यात एक ओळ वाढवायला लावली. अर्ज समितीच्या आवक टपालात जमा आहे. त्याचा मजकूर असा:

प्रति,
मा. अध्यक्ष, आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल समिती.

विषय: न झालेल्या सामन्याबाबत.

महोदय, रविवारी न झालेल्या सामन्यात घातले गेलेले गाऱ्हाणे रीतसर मागे घेण्याकरिता बत्तीस इसमांना मालवणपर्यंत एसटीची एक गाडी, तीन दिवसांची हजेरी आणि बत्तीस नारळ मंजूर व्हावेत. परतीच्या सामानाची अडचण नसल्याने जाताना गाडीत एक चालू स्थितीतील फ्रीज नेण्यास हरकत नसावी. हा अर्ज बैठकीत मोठ्याने वाचल्यास उपस्थितांपैकी कोणीही सवयीने होकार देऊ नये. तसेच, सदर सामना झालाच नसल्याचे समितीचे म्हणणे असल्याने, त्या न झालेल्या सामन्यात आमचे कॉलेज हरलेले नाही असा दाखला, सही व सरळ शिक्क्यानिशी, एकतीस तारखेच्या आत मिळावा, ही नम्र विनंती.